सीवर्डला सी लायन बघायला जाताय? बुकिंगआधी बोट किती लांब थांबते ते विचारा

जूनच्या शेवटी आई-बाबांना घेऊन अलास्काला जाऊन आलो, त्यातल्या सीवर्डच्या दोन दिवसांबद्दल लिहितोय, कारण बुकिंग करताना मराठीत याबद्दल मला काहीच सापडलं नाही आणि पहिल्या दिवशी जे झालं ते बघायला अजून कोणी पैसे देऊ नयेत असं मनापासून वाटतं. मी सिएटलला असतो, बाबा हर्णैचे, सगळं आयुष्य बंदरावर गेलेलं, त्यामुळे त्यांना हिमनदीपेक्षा इथल्या होड्या आणि मासळीत जास्त इंटरेस्ट होता. अँकरेजहून सीवर्ड गाडीने साधारण 200 किलोमीटर. रस्ता अप्रतिम आहे पण त्यावर बाकीच्यांनी भरपूर लिहिलंय.

पहिल्या दिवशी छोटी बोट घेतली, सहा-सात माणसांची. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. बुकिंगच्या वेळी सांगितलं होतं की मोठ्या बोटीपेक्षा आम्ही जवळ नेतो, आणि मला ते चांगलं वाटलं होतं. एका खडकावर पंचवीस-तीस सी लायन (सीलसारखे मोठे समुद्री प्राणी) पसरलेले, फिक्या तपकिरी रंगाचे, आणि हा माणूस बोट सरळ आत घालत गेला, इतकी जवळ की त्यांच्या मिशा दिसत होत्या. आधी एका मोठ्या नराने मान वर केली, मग सगळ्या माद्यांनी, आणि मग जे धडाधड पाण्यात पडायला लागले की अर्ध्या मिनिटात खडक रिकामा. वर फक्त ओले पट्टे राहिले आणि एक काळपट पिल्लू, कोकरासारखं ओरडत होतं. लोक फोटो काढत होते. आई म्हणाली, "अरे, त्याची आई गेली ना पाण्यात, आता हे काय करणार?" तो बोटवाला म्हणाला, येईल परत. येतही असेल, पण अशा पळापळीत पिल्लं चेंगरतात, पाण्यात पडतात, म्हणून तर 100 यार्ड म्हणजे 90 एक मीटर लांब राहा असं सगळ्या बोटींना सांगितलेलं असतं. आम्ही 20 मीटरवर पण नसू. संध्याकाळी मी तक्रार नोंदवली.

या बोटीला माझ्याकडून शून्य.

दुसऱ्या दिवशी मोठी बोट, सहा तासांची टूर, किनाई फ्योर्ड्स नॅशनल पार्कच्या बाजूने चिझवेल बेटांपर्यंत आणि पुढे हिमनदीपर्यंत. माणशी दोनशे डॉलरच्या पुढे, महाग आहे, पण मी परत देईन. रेझरेक्शन बे मधून बाहेर पडलं की बोट जाम हलते, आईने गोळी घेतली होती म्हणून वाचली, तुम्ही पण निघायच्या अर्धा-एक तास आधी घ्या, हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही.

चिझवेलला या कॅप्टनने बोट लांबच थांबवली, इंजिन अगदी हळू केलं आणि माइकवर म्हणाली की यापुढे जाणार नाही, दुर्बिणी मागच्या बाजूला ठेवल्यात. मागून एकदोघं कुरकुरले, जवळ घ्या म्हणून. तिने घेतली नाही. आणि गंमत अशी की लांबून जे दिसलं ते आदल्या दिवशी जवळून अजिबात दिसलं नव्हतं, कारण इथे ते आपापलं जगत होते. आधी वास आला, कुजक्या मासळीचा, मग आवाज, इथला स्टेलर जातीचा सी लायन प्राणीसंग्रहालयातल्या कॅलिफोर्निया जातीसारखा भुंकत नाही, खोलवरून डरकाळ्या देतो. नर हजार किलोच्या वर जातो, मादी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याची. एक मादी समुद्रातून वर चढली, ओरडली, वरच्या कपारीतून एका पिल्लाने ओ दिली, ते घसरत घसरत खाली आलं, तिने त्याचा वास घेतला आणि आडवी झाली. ते प्यायला लागलं. दुर्बीण बाबांकडे होती, त्यांनी पाच मिनिटं कोणाला दिलीच नाही.

कॅप्टनने तिथे थांबून जे सांगितलं त्यासाठी हा रिव्ह्यू आहे खरं तर. तिने सांगितलं की तुम्हाला हे बरेच वाटतायत पण हे उरलेले आहेत. 144 अंश पश्चिम रेखांशाच्या पलीकडचे जे कळप, ज्यात सीवर्ड येतं, ते 1970 च्या दशकाच्या शेवटी सव्वादोन-अडीच लाखांच्या घरात होते, 2000 पर्यंत 50 हजारांच्या खाली आले. 1990 मध्ये सरकारने त्यांना संकटग्रस्त यादीत टाकलं, 1997 मध्ये या पश्चिमेकडच्या कळपांना आणखी वरच्या धोक्याच्या वर्गात. पूर्वेकडचे सुधारले, 2013 ला यादीतून बाहेर पण आले. इथले थोडे सावरलेत, पण अल्युशियन बेटांच्या टोकाकडे अजून घसरणच चालू आहे.

बाबांनी लगेच विचारलं (मी भाषांतर करत होतो), मासे कमी पडले का? ती म्हणाली एकच कारण धरून बसलात तर फसाल. पूर्वी कोळी त्यांना गोळ्या घालायचे, जाळी फाडतात म्हणून, 1990 मध्ये यादीत येईपर्यंत ते चालायचं. काही ट्रॉलच्या, म्हणजे बोटीमागून ओढत नेतात त्या जाळ्यात मेले. ऑर्का, म्हणजे किलर व्हेल, त्यांना खातात. 1976-77 च्या सुमारास समुद्राचं तापमान बदललं आणि माशांची सगळी मांडणीच बदलली, हेरिंगसारखे चरबीवाले मासे कमी, पोलॉक आणि कॉड जास्त. काही शास्त्रज्ञांचं म्हणणं असं की पोट भरत होतं पण अंगाला लागत नव्हतं. हे बाबांना समजावून सांगायची गरजच पडली नाही, हेरिंग म्हणजे आपल्या तारलीच्या खानदानातला, ते म्हणाले तेलाच्या तारलीवर वाढलेल्याला नुसत्या पाणचट मासळीवर ठेवलं तर पोर कसं पोसेल.

आणि याच पोलॉकच्या मागे जगातली एक सगळ्यात मोठी मासेमारी लागलेली आहे, बेरिंग समुद्रात वर्षाला दहा लाख टनांच्या वर. फिश बर्गरमधला तुकडा, सुशीतला नकली खेकडा, बरंचसं हेच. ते मोठे फॅक्टरी ट्रॉलर बरेचसे आमच्या सिएटलचेच, मी रोज ज्या पुलावरून जातो तिथून उभे दिसतात आणि इतकी वर्षं मी कधी विचारही केला नव्हता. म्हणून मग नियम आले. जिथे पिल्लं जन्मतात अशा ठरावीक बेटांच्या 3 सागरी मैलांच्या आत कुठलीच बोट नाही, 10 मैल, काही ठिकाणी 20 मैलांपर्यंत ट्रॉल बंद, कोटा वर्षभरात विभागून, म्हणजे थंडीत एकाच जागी सगळे तुटून पडणार नाहीत. यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या, 2000 साली तर न्यायाधीशाने सी लायनच्या अधिवासात ट्रॉलिंगच थांबवलं होतं. मासेमारीवाल्यांचा रागही समजण्यासारखा आहे, त्यांचं म्हणणं आमच्या जाळ्यामुळेच मेले हे आधी दाखवा. बाबा इथे गप्प होते. आपल्याकडे पर्ससीन आणि एलईडी लाईटवाल्यांवरून जी भांडणं होतात ती त्यांनी जवळून बघितलीत.

उतरल्यावर दोन-अडीच तास अलास्का सीलाईफ सेंटरला दिले, बंदराच्या गावातच आहे, आणि माझं म्हणणं आहे की बोटीनंतरच जा, आधी नको. 1989 ला एक्सॉन व्हाल्डेझ जहाज फुटून जे तेल सांडलं त्याच्या भरपाईच्या पैशातून हे उभं राहिलं, 1998 ला उघडलं. खाली काचेतून सी लायन पाण्यात बघता येतो, जमिनीवर पोत्यासारखा वाटणारा प्राणी पाण्यात एक फटका मारून असा वळतो की आई दोनदा दचकली. पफिन नावाचे समुद्री पक्षी डोक्यावरून उडतात आणि खालच्या मजल्यावर तेच पफिन पाण्यात पोहताना दिसतात. आजारी, अनाथ प्राणी इथे आणून बरे करतात. चिझवेलच्या त्याच खडकांवर इथल्या शास्त्रज्ञांनी कॅमेरे लावून वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्यात, कोणत्या मादीला पिल्लू झालं, कधी झालं, माणूस जवळ न जाता. आदल्या दिवसाचं सगळं डोळ्यासमोर असताना हे ऐकून फार बरं वाटलं. पाचपैकी पाच.

तिथल्या एका स्वयंसेवक बाईंशी बाबांचं बोलणं लांबलं, पुढचं सगळं त्यांनीच सांगितलं. 2014 ते 2016 मध्ये अलास्काच्या आखातात गरम पाण्याचा प्रचंड पट्टा येऊन बसला होता, लोक त्याला ब्लॉब म्हणतात, समुद्री पक्षी तर लाखोंनी मेले. गरम पाण्यात कॉडला जास्त खायला लागतं आणि खाणं तर कमी झालेलं, अंडी पण टिकेनात. इथे नियम असा की पोलॉक, कॉड आणि अटका मॅकरेल, सी लायनचे हे तीन मुख्य मासे, यातल्या कोणाचाही अंडी घालणारा साठा, मासेमारी नसती तर जेवढा असता त्याच्या 20 टक्क्यांच्या खाली गेला, की त्या माशाची खास मासेमारी बंद. का, तर उरलेला सी लायनला लागतो. आणि 2020 ला त्या आखातातली केंद्र सरकारच्या हद्दीतली कॉडची मासेमारी खरंच बंद ठेवली. बाबांनी मला हे दोनदा विचारायला लावलं, 20 टक्केच ना, आणि प्राण्यासाठी ना.

रात्री नऊला लख्ख उजेड होता. बाबांनी हॉटेलच्या पायरीवर बसून हर्णैला अण्णाकाकांना फोन लावला, तिकडे सकाळचे साडेदहा, पावसाळी बंदी चालू, होड्या वर ओढून शाकारलेल्या. स्पीकरवर होता म्हणून मला ऐकू येत होतं. बाबांनी सगळं सांगितलं, खडक, पिल्लू, 20 टक्क्यांचा नियम. काका जरा वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "आणि मोठ्यांनी पण ऐकलं?"

"ऐकायला लागलं," बाबा म्हणाले. "अख्खं वर्ष."