निळी बाटली आणि पाण्यात कुजलेला बांबू

चेरी श्रिंप (माशांच्या टाकीत पाळतात तो कोळंबीसारखा इवलासा लाल जीव) मेला की लाल राहत नाही. उकडलेल्या कोळंबीसारखा फिकट गुलाबी होतो. मार्चमधल्या एका सकाळी टाकीच्या तळाशी असे सतरा मोजले आणि पुढे मोजवेना. आदल्या रात्री दुकानदाराने दिलेल्या निळ्या औषधाची दोन झाकणं मी स्वतःच्या हाताने पाण्यात ओतली होती. "ताई, बिनधास्त टाका, फक्त शेवाळ मरतं," असं तो म्हणाला होता.

पण फसवणूक त्या बाटलीपासून सुरू झाली नव्हती. ती सुरू झाली झाडांपासून, आणि हे लिहिते आहे ते मुख्यतः त्या झाडांसाठी.

जानेवारीत आम्ही दोन फुटी टाकी घेतली, २४ बाय १२ बाय १२ इंचाची, म्हणजे काठोकाठ भरली तर साधारण ५६ लिटर. लेकीला श्रिंप हवे होते, मला झाडं. जपानच्या ताकाशी अमानोंनी सजवलेल्या टाक्यांचे फोटो मी कितीतरी वर्षं बघत आले आहे. पाण्याखाली असं रान आपल्या पुण्यातल्या घरातही उगवावं, एवढीच हौस. दुकानातला माणूस बोलायला गोड होता. "पहिलीच टाकी ना ताई? मग न मरणारी झाडं देतो." त्याने अकरा कुंड्या काढून दिल्या: पांढऱ्या कडांचा 'वॉटर बांबू', जांभळ्या सुरकुतलेल्या पानांचं एक झुडूप, आणि गर्द हिरवं गवत. २,२०० रुपये झाले. बिल मागितलं तर म्हणाला, "झाडांचं कसलं बिल, ताई?"

या अकरांपैकी एकही झाड पाण्यात जगणारं नव्हतं. तो 'वॉटर बांबू' म्हणजे ड्रॅसीना, टेबलावर ठेवतात त्या लकी बांबूचाच भाऊबंद. जांभळ्या पानाचं ते हेमिग्राफिस, कुंडीत किंवा वाफ्यात लावायचं. गवत म्हणजे मोंडो ग्रास, बागेच्या पायवाटेच्या कडेला असतं ते. यांची मुळं ओल सोसतात, पण पानांना हवा लागते. संपूर्ण बुडवली तरी ती लगेच मरत नाहीत, तीन-चार आठवडे, कधी दोन-दोन महिने हिरवीगार दिसतात. सगळा धंदा या मधल्या काळावर चालतो. दुकानातल्या टाकीत ती टवटवीत असतात, कारण ती नुकतीच बुडवलेली असतात. मरतात ती आपल्या घरी येऊन.

तिसऱ्या आठवड्यात बांबूची खोडं बुडाशी मऊ पडली. बोट लावलं की साल सुटून यायची, आणि वास यायचा. मी फोटो घेऊन दुकानात गेले. त्याने शांतपणे समजावलं, "हे मेल्ट होतंय. नर्सरीत झाडं पाण्याबाहेर वाढवतात. पाण्यात आली की जुनी पानं गळतात, नवी येतात. धीर धरा."

मला आजही सगळ्यात जास्त राग या उत्तराचा येतो, कारण त्यातलं वाक्य न् वाक्य खरं आहे. क्रिप्टोकोरिनसारखी खरी पाणवनस्पती नव्या टाकीत लावली की कधीकधी तिची सगळी पानं विरघळून जातात, पण मूळ जिवंत राहतं आणि काही आठवड्यांत पाण्यातली नवी पानं फुटतात. मी घरी येऊन वाचलं, ते त्याच्या बोलण्याशी तंतोतंत जुळलं, आणि माझा विश्वास उलट वाढला. फरक इतकाच, की मेल्ट होणाऱ्या झाडाची पानं जातात आणि मूळ घट्ट राहतं. माझी झाडं बुडापासून वर कुजत होती. हे कुणी तेव्हा सांगितलं असतं तर मी आणखी पाच आठवडे वाट बघत बसले नसते.

त्या पाच आठवड्यांत काय झालं असेल ते जाणकारांना कळेलच. कुजणाऱ्या खोडापानांतून अमोनिया सुटत राहिला. नव्या टाकीत तो पचवणारे जिवाणू जम बसवायलाच चार-सहा आठवडे घेतात. पाण्यातलं खत शोषून घेतील अशी वाढती झाडं टाकीत नव्हतीच. मग ते सगळं शेवाळाने घेतलं. आधी काचेवर तपकिरी थर आला, तो नव्या टाकीत येतोच आणि जातोही. त्यानंतर हिरवे दोरे, आणि मग फिल्टरच्या तोंडाशी काळ्या दाढीसारखे झुबके.

प्रत्येक फेरीला दुकानदाराकडे नवीन उपाय तयार असायचा. "लाइट कमी पडतोय," म्हणून दुसरा एलईडी दिला आणि रोज बारा तास चालू ठेवायला सांगितला. जी झाडं वाढणारच नव्हती त्यांच्यावर बारा तास उजेड म्हणजे शेवाळाची मेजवानी. "खत कमी पडतंय," म्हणून खताची बाटली. मग शेवाळ खाणारे दोन सोनेरी मासे. शेवटी निळी बाटली, ३५० रुपयांची, लेबल नसलेली. सगळं मिळून सात हजारांच्या वर गेलं. पैशांचं दुःख आहेच, पण लेकीने त्या श्रिंपमधल्या एकीच्या पोटाखाली अंडी पाहिली होती आणि रोज शाळेतून आल्यावर दप्तर न काढता ती टाकीसमोर बसायची.

बाटलीत काय होतं ते कळलं माझ्या मामांमुळे. ते तासगावचे, द्राक्षबाग आहे. श्रिंप मेल्याच्या आठवड्यात घरी आले होते. बाटली उजेडात धरून म्हणाले, "अगं, हे मोरचूद दिसतंय, म्हणजे कॉपर सल्फेट. बागेवर फवारायच्या बोर्डो मिश्रणाला आम्ही हेच वापरतो." नुसत्या रंगावरून खात्री कशी देणार? लेक दहावीत. तिने एक खिळा घासून लख्ख केला, वाटीत ते पाणी घेतलं आणि खिळा बुडवून ठेवला. थोड्या वेळात खिळ्यावर तांबूस थर चढला. लोखंडाने द्रावणातलं तांबं बाहेर काढलं, तिच्या विज्ञानाच्या पुस्तकातलीच अभिक्रिया. तांब्याने शेवाळ मरतं हे खरं आहे, पण श्रिंप आणि गोगलगायी त्याच्या अगदी थोड्या मात्रेनेही मरतात.

बाटली आणि खिळा घेऊन मी दुकानात गेले. आधी तो म्हणाला, "डोस जास्त पडला असेल." मग म्हणाला, "आमचीच बाटली कशावरून? बिल दाखवा." बिल नव्हतं. पैसेही बहुतेक वेळा रोखच दिले होते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर मला माहीत होता, पण हातात पुरावा म्हणून काहीच नव्हतं. तुम्ही निदान कच्ची पावती तरी घ्या, त्यावर झाडाचं नाव लिहून घ्या, आणि पैसे यूपीआयने द्या.

झाड घेताना दुकानदाराला ते पाण्याबाहेर काढून धरायला सांगा. पाण्याखालीच वाढलेलं झाड बाहेर येताच ओल्या फडक्यासारखं लोळतं, त्याची पानं पातळ असतात. ड्रॅसीना काठीसारखा ताठ उभा राहतो आणि त्याच्या मेणचट पानावरून पाणी थेंबाथेंबाने ओघळतं. मात्र नर्सरीत पाण्याबाहेर वाढवलेली खरी पाणवनस्पतीही ताठ असू शकते, म्हणून नाव विचारा आणि तिथेच उभं राहून मोबाइलवर तपासा. पांढऱ्या पट्ट्यांच्या, चकचकीत, जाड पानांच्या झाडाला तर हातच लावू नका.

मी सगळं उपटून टाकलं. दोन आठवडे दिवसाआड अर्धं पाणी बदललं, फिल्टरमध्ये पाण्यातली घाण शोषून घेणारा कोळसा, म्हणजे ॲक्टिव्हेटेड कार्बन, घातला, टायमर लावून उजेड सहा तासांवर आणला. काळ्या झुबक्यांवर फिल्टर बंद ठेवून केमिस्टकडचं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड सिरिंजने सोडलं, एका वेळी १० मिलीच्या आतच. काही दिवसांत झुबके गुलाबी पडले, म्हणजे मेले. आता टाकीत वॅलिस्नेरिया आहे, हायग्रोफिला पॉलिस्पर्मा आहे, जलब्राह्मी आहे, सगळी आपल्या देशातल्या पाणथळीत उगवणारी. हायग्रोफिला दर पंधरा दिवसांनी कापावी लागते, इतकी वाढते. तळाच्या मातीत तांबं उरलं असेल या भीतीने माती बदलली, तरी श्रिंप आणायचा धीर अजून झालेला नाही.

ते दोन सोनेरी मासे तेवढे राहिलेत. शेवाळ खाणारे म्हणून विकलेले हे चायनीज अल्गी ईटर. लहानपणी थोडं शेवाळ खातात, मोठे झाले की वीतभर होतात, शेवाळ सोडतात आणि दुसऱ्या माशांच्या अंगाला चिकटून त्यांचा बुळबुळीत थर ओरबाडतात. दुकानदार परत घेत नाही. दोघेही आता बाल्कनीतल्या टबात वेगळे ठेवलेत. शेजारचे काका म्हणाले, मुठा नदीत सोडून द्या. ते मी करणार नाही. घरच्या टाक्यांतून सुटलेल्या सकर माशांनी आपल्या देशातल्या नद्या-तलावांची काय दशा केली आहे ते माहीत आहे. पुण्यात कुणाकडे चार फुटी टाकी असेल आणि हे दोघे नीट सांभाळणार असाल, तर येऊन घेऊन जा. पैसे नकोत.