भिगवण की दांडेली?

पक्षी बघायला कुठे जावं, यावरून मैत्रिणीचं मन दोन नद्यांत अडकलंय. भिगवण पुण्याहून साधारण 100 किलोमीटर. पहाटे निघून संध्याकाळी परत, खर्च प्रवास आणि होडीपुरता. पण जावं हिवाळ्यातच, भीमेवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित (फ्लेमिंगो) आणि पट्टकादंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले हंसासारखे पाहुणे पक्षी) असतात तेव्हा.

कर्नाटकातल्या काळी नदीकाठच्या दांडेलीला किमान तीन दिवस हवेत. मुक्काम आणि सफारीचा खर्च वेगळा. जंगल दाट, त्यामुळे वाघाच्या आशेवर जाऊ नका. जावं ते धनेशांसाठी (हॉर्नबिल, मोठ्या बाकदार चोचीचे पक्षी)! इथे त्यांच्या चार जाती आहेत. विणीच्या काळात मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर फळं आणून भरवतो. लांबून ते बघताना मी तासभर जागची हलले नाही.

लहान मुलं सोबत, रजा एकच दिवस: भिगवण. शांत बसून वाट बघायची तयारी असेल तर दांडेली.