उरलेली लोकर: ग्रुपवर विकावी की गावातच?

दारव्ह्याकडच्या एका ताईंनी विचारलं, पेटीभर उरलेली लोकर व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू की गावातच काढू?

आधी पैशाचं. गावात "अर्ध्यात द्या ना वहिनी" ठरलेलंच. विणणाऱ्यांच्या ग्रुपवर एका रंगाचे, एकाच डाय लॉटचे (म्हणजे एकाच वेळी रंगवलेले) न उघडलेले गुंडे असले तर बरा भाव येतो. पण पहिला प्रश्न असतो: खरी लोकर की ॲक्रेलिक? लेबल हरवलं असेल तर धाग्याचं टोक जाळून बघा. लोकरीला केस जळल्याचा वास येतो, राख बोटांत चुरते. ॲक्रेलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. कंपनीचं "सुपर सॉफ्ट" वगैरे सोडून द्या.

कष्ट म्हणाल तर ग्रुपवर विकताना दिवसाउजेडी फोटो, वजन, पॅकिंग, पोस्टात खेप. एकट्या 50 ग्रॅमच्या गुंड्यासाठी टपालखर्च परवडत नाही. बचत गटात पिशवी नेऊन दिली की झालं. हंगाम मात्र पाहा. आमच्याकडे एप्रिलच्या उन्हात लोकरीला हात कोण लावतो? दिवाळीनंतर काढा.

लेबलसकट पूर्ण गुंडे असतील तर ग्रुप. अर्धेमुर्धे तुकडे तोरणं करणाऱ्या बायांना गावातच, पिशवीच्या भावानं. कसर लागलेली कुठंच विकू नका.