ऑलिव्हच्या पानांचा चहा: अर्धं वर्ष झालं, पानात मुख्य घटक किती तो आकडा अजून मिळालेला नाही

तिसरं पाकीट परत पाठवलं आणि पैशांवरून कंपनीशी ईमेलवर वाद सुरू झाला, म्हणून हे लिहिते आहे.

चहा सुरू केला तो पित्तासाठी आणि सकाळी आखडणाऱ्या गुडघ्यासाठी. माल राजस्थानचा. तिथे 2008 च्या सुमाराला इस्रायलहून रोपं आणून ऑलिव्हची लागवड सुरू झाली, त्यामुळे इथल्या मातीतलं पान मिळतंय याचा मला खरंच आनंद होता. पहिली दोन पाकिटं सुरेख निघाली. पानांचे मोठे तुकडे, वरून करडट हिरवे, खालून चंदेरी. पाणी सोनेरी उतरायचं आणि चव काडेचिराइतासारखी, घोट गिळल्यावरही जिभेच्या मुळाशी रेंगाळणारी.

तो कडूपणा मुख्यतः ओल्युरोपीन नावाच्या द्रव्याचा. झाडावरचं ऑलिव्ह तोडून तसंच खाता येत नाही ते यामुळेच. मिठाच्या पाण्यात किंवा कॉस्टिक सोड्यात ठेवून ते काढावं लागतं. तेलापेक्षा पानात ते कितीतरी जास्त असतं. पानाचा चहा घ्यायचा तो त्यासाठीच.

तिसऱ्या पाकिटात निघाले देठ आणि तपकिरी भुगा. कडूपणा नावालाच. कंपनीला विचारलं, ग्रॅमला ओल्युरोपीन किती? उत्तर आलं, ‘शंभर टक्के नैसर्गिक.’ पुन्हा विचारलं, तर एफएसएसएआय परवान्याचा फोटो पाठवला. परवान्याबद्दल माझी तक्रारच नव्हती! झाडाची जात, तोडणीचा हंगाम, वाळवण्याची पद्धत यांवर हे प्रमाण बरंच बदलतं. आकडा नसेल तर मी पैसे कशाचे मोजते?

बाहेरच्या अभ्यासांत हा आकडा असतो. इंडोनेशियात 2011 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 500 मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा, आठ आठवडे दिला; रक्तदाब कॅप्टोप्रिल या बीपीच्या गोळीने उतरतो त्याच्या जवळपास उतरला. न्यूझीलंडमध्ये 2013 साली 46 जादा वजनाच्या पुरुषांना रोज साधारण 51 मिलिग्रॅम ओल्युरोपीन 12 आठवडे दिलं, तर इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद 15 टक्क्यांनी सुधारला. पण त्याच अभ्यासात दाह, म्हणजे शरीरातली सूज, दाखवणारा रक्तातला सीआरपी हा घटक जागचा हलला नाही. आणि पाकिटावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत काय, तर ‘दाह घालवतो’. याची मला भयंकर चीड येते.

माझ्या गुडघ्याबद्दलचं मतही आता बदललंय. पावसाळ्यात बरं वाटत होतं. थंडी पडली आणि दुखणं पुन्हा होतं तिथेच. पोटाचं मात्र वेगळं. उपाशीपोटी घेतला की जळजळ वाढते. दुपारच्या जेवणानंतर अर्ध्या तासाने घेतला तर जडपणा आणि आंबट ढेकर दोन्ही कमी. उंदरांना आधी पानांचा अर्क देऊन मग अल्कोहोल दिलं तेव्हा जठराच्या अस्तराला कमी जखमा झाल्या, असे प्रयोग आहेत. पण ते उंदीर. माझ्या बाबतीत जेवणानंतरचा साखर-दुधाचा चहा सुटला, त्याचाही वाटा असणारच.

अनपेक्षित फायदा झाला तो पायांना. दिवसभर उभं राहून संध्याकाळी घोट्यांवर मोज्यांचे वळ उठायचे, ते फिके पडले. युरोपियन मेडिसिन्स एजन्सीच्या नोंदीत ऑलिव्हच्या पानाचा पारंपरिक उपयोग हाच दिलाय: अंगात साठलेलं पाणी कमी करणं, तेही गंभीर कारण नाही हे डॉक्टरांनी तपासल्यावर. पाकिटावर याचा उल्लेखसुद्धा नाही! आमच्या ह्यांची बीपीची गोळी चालू आहे. डॉक्टरांनी दोन्ही एकत्र नको म्हटलं, त्यामुळे त्यांना मी हा चहा देत नाही.

हिशेब सांगते. 100 ग्रॅमला 450 रुपये, कपाला दोन ग्रॅम, म्हणजे कप नऊ रुपयांना. चांगलं पान असेल तर मला हे महाग वाटत नाही. भुग्याला नऊ रुपये मी देणार नाही. ओल्युरोपीन 20 टक्के असं छापलेल्या 500 मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये निदान 100 मिलिग्रॅम आहे हे तरी कळतं. घेणार असाल तर बॅचचा तपासणी अहवाल आधी मागा, आणि ईमेलवरच मागा. फोनवर दिलेला शब्द परताव्याच्या वेळी कुणी मानत नाही.