अवकाश मोहिमांचे व्हिडिओ वर्गात: दहा महिन्यांच्या वापरानंतर

जून ते मार्च, आठवी ते दहावी, आठवड्याला दोन तासिका. एवढ्या वापरानंतर एक गोष्ट पक्की झाली. व्हिडिओत संगीत आणि अ‍ॅनिमेशन जितकं जास्त, तितका तो शिकवायला कमी कामाचा. वर्षभर टिकले ते कच्चे, न कापलेले, थोडे कंटाळवाणे तुकडे: ज्यात पडद्यावर आकडे दिसतात किंवा ज्यातून मुलांना स्वतः आकडे काढता येतात.

वापरलेला माल तीन प्रकारचा. नासा आणि इस्रोची मूळ चित्रणं व थेट प्रक्षेपणांची रेकॉर्डिंग, हिंदी-मराठी निवेदनाचे समजावणीचे व्हिडिओ, आणि पेन ड्राइव्हवर विकत मिळणारा एक 'डिजिटल संच'. पहिल्या प्रकाराबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळं मोल तिथेच आहे.

सर्वात जास्त वेळा लावलेला तुकडा अपोलो १५ चा. २ ऑगस्ट १९७१ रोजी डेव्हिड स्कॉटने चंद्रावर उभं राहून एका हातातून १.३२ किलोचा हातोडा आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचं पीस एकाच वेळी सोडलं. दोन्ही बरोबरच टेकतात. मुलं टाळ्या वाजवतात आणि बहुतेक वर्गांत विषय तिथेच संपतो. खरं तर तिथून सुरू व्हायला हवा. तुकडा व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडा, हातोडा सुटण्याच्या जरा आधी थांबवा आणि 'ई' ही कळ दाबत एकेक चौकट (फ्रेम) पुढे न्या. सुटल्याची चौकट शून्य, टेकल्याची शेवटची. सेकंदाला ३० चौकटींची फाइल असेल तर ४० ते ४५ चौकटी मोजल्या जातात, म्हणजे साधारण १.४ सेकंद. हाताची उंची १.६ मीटर धरली की दुप्पट उंची भागिले वेळेचा वर्ग म्हणजे चंद्रावरचं गुरुत्वत्वरण, उत्तर १.६३ मीटर प्रति सेकंद वर्ग. पुस्तकातला आकडा १.६२ आहे. फळ्यावर हे उतरलं की 'चंद्राचं गुरुत्व पृथ्वीच्या एक-षष्ठांश' हे वाक्य पाठ करून घ्यावं लागत नाही.

बिघडतं कुठे? पहिलं म्हणजे चित्र पुसट असल्याने सुटण्याची नेमकी चौकट ठरत नाही, आणि तीन चौकटींची चूक म्हणजे ०.१ सेकंद. वेळ १.३ धरली तर उत्तर १.८९ येतं, १.५ धरली तर १.४२. वेळेचा वर्ग होत असल्याने चूक फुगते. म्हणून चार गटांना वेगवेगळं मोजायला लावून सरासरी काढायची. दुसरं, पुन्हा अपलोड केलेल्या प्रतींत चौकटींचा दर बदललेला असतो किंवा तुकडा मुद्दाम संथ केलेला असतो. व्हीएलसीत 'कंट्रोल' आणि 'जे' दाबलं की दर दिसतो, संथ केलेला तुकडा मात्र आवाजावरून ओळखावा लागतो. एका वर्गात चंद्राचं गुरुत्व ०.४ आलं, कारण फाइल निम्म्या वेगाची होती. वेळ दुप्पट, उत्तर चौथाई. तो तास वाया गेला नाही, उलट चांगलाच झाला, पण ठरवून केलेला नव्हता.

दुसरा नंबर अपोलो ११ च्या संभाषणाचा. चंद्र सरासरी ३,८४,४०० किमीवर, म्हणजे संदेश जायला १.३ सेकंद, जाऊन यायला जवळपास २.६. रेकॉर्डिंगमध्ये ह्यूस्टनचं, म्हणजे पृथ्वीवरच्या नियंत्रण केंद्राचं, वाक्य संपल्यापासून चंद्रावरचं उत्तर येईपर्यंत स्टॉपवॉच लावायचं. मुलं हमखास उलटं मोजतात, म्हणजे अंतराळवीर बोलल्यावर ह्यूस्टनचं उत्तर किती वेळाने आलं ते. तिथे अंतर जवळजवळ शून्य मिळतं. रेकॉर्डिंग पृथ्वीवर झालेलं आहे, त्यामुळे आवाज इथे पोचल्यावर इथल्या माणसाला उशीर व्हायचं कारण नाही. हे मुलांनाच शोधू द्यावं, आधी सांगू नये. आणखी नेमकं हवं असेल तर ह्यूस्टनचाच आवाज अंतराळवीराच्या कानातल्या यंत्रातून त्याच्या माइकमध्ये शिरून परत येतो, तो प्रतिध्वनी पकडावा. त्यात माणसाच्या विचाराचा वेळ मिसळत नाही.

आता गोम अशी, की चकचकीत व्हिडिओंत ही शांतता कापून टाकलेली असते. प्रश्न आणि उत्तर लगोलग, खाली व्हायोलिन. संकलकाला रिकामी वाटलेली ती अडीच सेकंदं म्हणजेच आमचा धडा होता.

अपोलो ११ च्या चित्रणावर 'एवढं पुसट का, खोटं आहे का' हा प्रश्न दरवर्षी येतोच. उत्तर तयार ठेवावं. चंद्रावरचा कॅमेरा सेकंदाला फक्त १० चौकटी आणि ३२० रेषा पाठवत होता, कारण यानाकडून येणाऱ्या संदेशात टीव्हीसाठी जागा तेवढीच होती. ते चित्र पृथ्वीवरच्या केंद्रांत साध्या टीव्हीच्या ३० चौकटींत आणि ५२५ रेषांत बदललं गेलं आणि त्यात भुतासारख्या सावल्या उमटल्या. त्याच मोहिमेतले फोटो मात्र लखलखीत आहेत, कारण त्यांची फिल्म यानातून पृथ्वीवर आणून धुतली. झेंडा ताठ का, तर वरच्या कडेला आडवी दांडी आहे. तारे का नाहीत, तर उजेडातल्या जमिनीसाठी लावलेल्या कॅमेऱ्यात मंद तारे उमटत नाहीत. रात्री रस्त्यावरच्या दिव्याखाली मोबाइलने फोटो काढून मुलं हे घरीच तपासतात.

इस्रोच्या बाजूने सगळ्यात कामाचं म्हणजे चांद्रयान-३ च्या अवतरणाचं थेट प्रक्षेपण, २३ ऑगस्ट २०२३, संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटं. त्यातली भाषणं सोडून द्या. शेवटची वीस मिनिटं घ्या, ज्यात उंची, आडवा वेग आणि उभा वेग पडद्यावर बदलत राहतात. पहिला टप्पा रफ ब्रेकिंगचा, म्हणजे वेग झपाट्याने कमी करण्याचा, सुमारे ६९० सेकंदांचा. उंची ३० किमीवरून ७.४ किमीवर, वेग सेकंदाला १.६८ किमीवरून ३५८ मीटरवर. दहावीच्या मुलांनी मंदन काढलं की १.९ मीटर प्रति सेकंद वर्ग येतं. सरासरी वेग गुणिले वेळ केलं की या टप्प्यात यानाने सुमारे ७०० किमी अंतर कापलं हे कळतं, आणि मुलं चक्रावतात. त्यांच्या डोक्यात यान लिफ्टसारखं सरळ खाली आलेलं असतं, कारण बहुतेक अ‍ॅनिमेशनमध्ये तसंच दाखवतात.

इथेच दुसरी दुरुस्ती करून टाकावी. 'दक्षिण ध्रुवावर उतरलं' हे निवेदन चुकीचं आहे. जागा सुमारे ६९.४ अंश दक्षिण अक्षांशावर आहे. चंद्रावर एक अंश म्हणजे ३०.३ किमी, म्हणजे ध्रुव तिथून सहाशे किमीच्याही पुढे राहतो. 'दक्षिण ध्रुवीय प्रदेशाजवळ' म्हणणं ठीक. परीक्षेत काय लिहायचं हा वेगळा प्रश्न, आणि तो मुलं विचारतातच.

समजावणीच्या व्हिडिओंत इतिहासाच्या चुका ठरलेल्या आहेत, म्हणून लावण्याआधी एकदा पाहून घ्यावेत. रॉकेटचा टप्पा सुटून जळती कडी खाली पडते ते प्रसिद्ध दृश्य जवळपास सगळीकडे अपोलो ११ चं म्हणून खपतं. ते १९६७-६८ च्या मानवरहित अपोलो ४ आणि अपोलो ६ च्या उड्डाणांमधलं आहे. तो कॅमेरा कुपीत बसवलेला होता, कुपी छत्रीने समुद्रात उतरली आणि फिल्म परत मिळाली. पहिला अंतराळवीर गागारिन याला यानातच बसून जमिनीवर उतरलेलं दाखवतात. प्रत्यक्षात १२ एप्रिल १९६१ रोजी तो सुमारे ७ किमी उंचीवर यानातून बाहेर फेकला गेला आणि वेगळ्या छत्रीने उतरला. सोव्हिएत सरकारने हे बरीच वर्षं लपवलं होतं, त्यामुळे जुन्या माहितीवर बेतलेल्या व्हिडिओंत चूक तशीच उतरते. आणि १९८१ चा बैलगाडीवरचा अ‍ॅपल उपग्रह! 'पैसे नव्हते म्हणून बैलगाडी' हे भावुक निवेदन ऐकून कंटाळा आला. अँटेनाच्या चाचणीसाठी उपग्रह मोकळ्या मैदानात, धातूच्या गाडीपासून दूर हवा होता, आणि लाकडी बैलगाडी त्याला सोयीची पडली. गरिबीपेक्षा ही युक्ती मुलांना जास्त आवडते.

भाषेचा त्रास वेगळाच. हिंदी निवेदनात 'द्रव्यमान', 'घनत्व', 'पलायन वेग', आणि आपल्या पुस्तकात 'वस्तुमान', 'घनता', 'मुक्तिवेग'. दहावीच्या 'अवकाश मोहिमा' धड्याला जोडून हिंदी व्हिडिओ लावला की पुढच्या चाचणीत चार-पाच वह्यांत 'पलायन वेग' सापडतोच. उपाय साधा: व्हिडिओ सुरू करण्याआधी फळ्यावर पाच शब्दांच्या जोड्या लिहायच्या. यंत्राने केलेली मराठी उपशीर्षकं तर बंदच ठेवावीत. रॉकेटच्या टप्प्याचा (इंग्रजी 'स्टेज') 'रंगमंच' झालेला पाहिला की उरलेला तास हसण्यात जातो. मूळ इंग्रजी पाऊण पट वेगाने लावून मधे मधे थांबवत स्वतः मराठीत सांगणं, हेच शेवटी सर्वात बरं पडलं.

विकतच्या संचाबद्दल थोडक्यात: घेऊ नये. त्यात चांद्रयान-२ अजून 'उतरणार आहे', अवकाश स्थानकावर 'गुरुत्वाकर्षण नसतं' (४०० किमीवर ते पृथ्वीवरच्या सुमारे ८९ टक्के असतं, स्थानक आणि माणसं एकत्र पडत राहतात म्हणून तरंगतात), आणि चंद्र पृथ्वीला चिकटलेला. या शेवटच्या चुकीवर औषध म्हणून बास्केटबॉल आणि टेनिसचा चेंडू आणावा. पृथ्वी बास्केटबॉलएवढी धरली तर चंद्र टेनिसच्या चेंडूएवढा, आणि दोघांत सव्वासात मीटर अंतर. आमच्या वर्गखोलीत ते मावलं नाही, चेंडू व्हरांड्यात गेला.

तांत्रिक भानगडी. अवकाशाचं चित्रण बहुतांश काळं असतं आणि प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. भिंतीवर जेवढा उजेड आधीच पडलेला आहे तेवढाच त्याचा काळा. पडदे नसलेल्या वर्गात दुपारी चंद्राचा पृष्ठभाग नुसता राखाडी धब्बा दिसतो. चित्र भिंतभर न करता चार फूट रुंद केलं आणि व्हीएलसीत गॅमा (मधल्या छटांचा उजेड) थोडा वाढवला की बरंच निभावतं. स्मार्ट टीव्हीवर आवाज येतो पण चित्र नाही, असं झालं तर फाइल बहुधा एच.२६५ या व्हिडिओ एन्कोडिंगची असते. हँडब्रेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरने ती एच.२६४ करून घ्यावी. मोठी फाइल पेन ड्राइव्हवर जातच नसेल तर ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे, त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. ७२० पी पुरतं. नासाच्या संग्रहातून फाइल थेट उतरवून घेता येते आणि वर्गातल्या वापराला सहसा परवानगी लागत नाही, म्हणून नेटच्या भरवशावर तास ठेवू नये.

एका तासिकेला एकच तुकडा, चार ते सहा मिनिटांचा, तोही दोनदा. पहिल्यांदा नुसता, दुसऱ्यांदा हातात कागद आणि स्टॉपवॉच देऊन. वीस मिनिटांचा सलग व्हिडिओ लावला की आठव्या मिनिटाला मागचे बाक गेलेच.

आठवीसाठी व्हॉयेजर यानांसोबत अवकाशात पाठवलेल्या ध्वनिमुद्रिकेचा तुकडा मात्र मोजमापाविनाही चालला. १९७७ च्या त्या तबकडीत ५५ भाषांतले नमस्कार आहेत, त्यात एक मराठी आहे, आणि गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. बहुतेक व्हिडिओ ती 'भारतीय संगीत' म्हणून पाच सेकंदांत उरकतात. तिथे व्हिडिओ बंद करून पूर्ण ध्वनिमुद्रण वेगळं लावावं, स्पीकर वर्गाच्या मागच्या बाजूला ठेवून.