स्वभावाची परीक्षा, फी 15,000

आंब्याचा हिशेब मिटला की बागायतदाराच्या हातात थोडी रोकड असते आणि बागेत फारसं काम नसतं. पैसे वाढवून देणारे नेमके तेव्हाच उगवतात. 'महिन्यात दुप्पट' म्हणणाऱ्यांना देवगडात आता कोणी उभं करत नाही. हा शेअर ट्रेडिंगचा क्लासवाला मात्र वेगळा निघाला. कणकवलीच्या हॉलमध्ये मोफत सेमिनार, विषय: 'डे ट्रेडिंग तुमच्या स्वभावाला मानवतं का?' (डे ट्रेडिंग म्हणजे शेअर घ्यायचे आणि त्याच दिवशी विकायचे.) माईक हातात घेऊन पहिलंच वाक्य, "हे सगळ्यांना जमत नाही. ज्यांना जमणार नाही त्यांना मी प्रवेश देत नाही." झालं, माणूस प्रामाणिक वाटला. गळ तिथेच होता.

मग स्वभावचाचणीचा कागद. 'तोटा झाल्यावर झोप लागते का?', 'नियम मोडायचा मोह होतो का?' असे प्रश्न. माझा चुलतभाऊ कॅरममध्ये हरला तर सोंगट्या उधळतो, आणि मी रिक्षा ठरवायलाही तीन जणांना विचारतो. दोघांचा निकाल शब्दन् शब्द एकच: 'संयमी, शिस्तबद्ध, ट्रेडिंगसाठी योग्य'. नापास झालेला कोणी मला तरी भेटला नाही. फी 15,000, रोख. पावतीवर 'मार्गदर्शन शुल्क', बाकी ना पत्ता ना नोंदणी क्रमांक.

डिमॅट खातं, म्हणजे शेअर ठेवायचं खातं, त्यानेच पाठवलेल्या लिंकवरून उघडायचं. सकाळी सव्वानऊला बाजार उघडला की ऑनलाइन क्लास सुरू, "आता घ्या", "आता काढा", दिवसभर हेच. पैसे जायला लागले तेव्हा त्याचं उत्तर तयार होतं. स्टॉपलॉस (आधी ठरवलेली तोट्याची मर्यादा) लागून सौदा कापला गेला, तर "तुम्ही घाबरट, लांब लावायला हवा होता". लांब लावून जास्त गेले, तर "तुम्ही हावरट". त्याचा कॉल, म्हणजे 'घ्या-काढा'चा सल्ला, कधी चुकलाच नाही. चुकायचा तो आमचा स्वभाव. वर त्या स्वभावावर इलाज म्हणून 'सायकॉलॉजी बॅच', तिची फी वेगळी.

घरी काका एवढंच म्हणाले, "तो स्वतः कित्या करणा नाय मगे?"

उत्तर रोज ई-मेलवर येत होतं. ब्रोकरची कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे त्या दिवसाच्या सौद्यांचा हिशेब. बरेचजण ती उघडतही नाहीत. एका दिवशी सौद्यांत थोडा नफा होता, पण ब्रोकरेज (दलाली), एसटीटी (सौद्यावरचा कर) आणि जीएसटी वजा करून खाली आकडा उणे. चौकशी केली तर कळलं, तो त्याच ब्रोकरचा ऑथराइज्ड पर्सन, म्हणजे गिऱ्हाईक आणून देणारा एजंट; पूर्वी याला सब-ब्रोकर म्हणत. आमच्या प्रत्येक सौद्याच्या ब्रोकरेजमध्ये त्याचा वाटा. आम्ही कमावलं काय, गमावलं काय, त्याला सौदे हवे होते.

सेबी, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी संस्था, तिच्या जुलै 2024 च्या अभ्यासात हेच दिसतं. 2022-23 मध्ये शेअरचं इंट्राडे, म्हणजे डे ट्रेडिंग, करणाऱ्या 10 पैकी 7 जणांना तोटा झाला; वर्षाला 500 च्या वर सौदे करणाऱ्यांत हे प्रमाण 80 टक्के. फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये (पुढच्या भावावरच्या सौद्यांत) तर, सेबीच्याच सप्टेंबर 2024 च्या अभ्यासानुसार, 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत 93 टक्के लोक तोट्यात गेले. एवढ्या सगळ्यांचा स्वभावच वाईट म्हणायचा का?

ब्रोकरकडे तक्रार केली, तर 'क्लासशी आमचा संबंध नाही' असं उत्तर आलं. सेबीच्या 'स्कोअर्स' पोर्टलवर नोंदणी असलेल्यांविरुद्धच तक्रार चालते, त्यामुळे क्लासची फी तिथेही बसेना. ग्राहक आयोगात जायचं तर त्या पावतीवर काय सिद्ध करणार?

गणपती झाले की कुडाळात त्याची पुढची बॅच आहे, म्हणून हे लिहितोय. जाणार असाल तर आधी सेबीचा नोंदणी क्रमांक मागा: शेअर सुचवणाऱ्या रिसर्च ॲनालिस्टचा 'आयएनएच'ने आणि गुंतवणूक सल्लागाराचा 'आयएनए'ने सुरू होतो. तो सेबीच्या साइटवर स्वतः टाकून बघा, त्याने दाखवलेल्या फोटोवर जाऊ नका. 'मी फक्त शिकवतो' म्हणाला, तर जानेवारी 2025 चं सेबीचं परिपत्रक दाखवा. फक्त शिकवणाऱ्याने गेल्या तीन महिन्यांतले भाव वापरून कुठल्याही शेअरबद्दल बोलायचं नाही, असं त्यात आहे. आणि खातं कोणाच्या लिंकवरून उघडतंय, त्या लिंकमागे कोणाचं कमिशन आहे, हे हॉलमध्ये सगळ्यांसमोर मोठ्याने विचारा.