वर्गाचा ब्लॉग काढायचाय? नववीच्या वर्गात वापरलेल्या ब्लॉगरचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते, घाईत असलेल्यांनी पुढे नाही वाचलं तरी चालेल. गूगलचं ब्लॉगर, म्हणजे ब्लॉग काढायची सेवा, फुकट आहे, दिसायला जुनाट आहे, आणि शाळेच्या एका वर्गाला जे लागतं ते बहुतेक सगळं त्यात आहे. ५ पैकी ४. एक मार्क का कापला ते खाली येईलच. पण वर्ग एकमेकांशी जोडला जातो तो कमेंटमुळे, आणि कमेंट कशी करायची हे मुलांना बसून शिकवावं लागतं, ते काम कुठलंही ॲप आपल्यासाठी करत नाही, एवढं डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

मी नाशिकला पंचवटीकडच्या एका शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते. वर्ग भरगच्च, सेमी-इंग्लिश. गोदाघाटाजवळ दुकान असलेल्यांची मुलं आहेत, म्हसरूळ-आडगावच्या नव्या सोसायट्यांमधली आहेत, मखमलाबाद-मातोरीकडून येणारी द्राक्षवाल्यांची पण आहेत. तासाला बोलतात कोण तर पुढच्या बाकांवरचे तेच पाच-सहा जण. बाकीच्यांची तोंडं फक्त हजेरीला उघडतात, "येस मॅडम" की झालं. वर्षभर एका खोलीत बसून मुलांना एकमेकांची आडनावं आणि मार्क माहिती असतात, पण शेजारच्याच्या घरी काय चालतं, त्याला कशातलं काय येतं, याचा काही पत्ता नसतो. ब्लॉग काढला तो याच्यासाठी.

लोक विचारतात व्हॉट्सॲप ग्रुप आहे ना, मग हे कशाला. अहो ग्रुपवर एखाद्या पोराने कष्टाने चार परिच्छेद टाकले की त्यावर वीस अंगठे येतात, मग कोणाच्या तरी आईचा चुकून आलेला गुड मॉर्निंग, मग सहलीच्या पैशांची चौकशी, आणि संध्याकाळपर्यंत ते लिखाण कुठे वर गेलं ते शोधावं लागतं, शिवाय सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात ते वेगळंच. आणि गूगल क्लासरूम? आम्ही ते वापरतो, चांगलं आहे, पण असाईनमेंट टाकली की ते म्हणजे टेबलावरचा वह्यांचा गठ्ठा, मूल लिहितं ते फक्त बाईंसाठी आणि वाचतात ते फक्त बाई. मला पाहिजे होतं की मागच्या बाकावरच्याने लिहिलेलं पुढच्या बाकावरच्याने वाचावं, आणि ते महिन्याने पण सापडावं.

आता सेटिंगचं. ब्लॉगर हे १९९९ पासूनचं आहे, २००३ मध्ये गूगलने घेतलं, त्यामुळे जीमेल असेल तर वेगळं काही उघडावं लागत नाही. एका ब्लॉगला १०० पर्यंत मेंबर जोडता येतात म्हणजे आपल्याकडची भरलेली तुकडी पण मावते. लेखक म्हणून जोडलेल्या मुलाला फक्त स्वतःची पोस्ट बदलता येते, दुसऱ्याच्या पोस्टला हात लावता येत नाही, आणि ॲडमिन म्हणजे आपण, आपल्याला सगळं. ब्लॉग कोणी वाचायचा ते तीन प्रकारे ठरतं: सगळ्यांना खुला, फक्त लेखकांना, किंवा आपण बोलावलेल्यांना. कमेंट पण फक्त मेंबरांपुरत्या ठेवता येतात, वर मॉडरेशन लावलं की आपण बघितल्याशिवाय काही दिसत नाही. सर्च इंजिनला ब्लॉग दिसू द्यायचा की नाही याचं पण बटण आहे, ते आधी बंद करा मग पुढचं काम.

एक सोय फारशी कोणी वापरत नाही पण आपल्याकडे ती सगळ्यात उपयोगाची आहे, ती म्हणजे ई-मेलने पोस्ट. सेटिंगमध्ये एक गुप्त पत्ता बनवता येतो, त्यावर मेल पाठवला की तो ब्लॉगवर येतो, आणि थेट छापायचा की ड्राफ्टमध्ये ठेवायचा ते आपण ठरवायचं. ज्या घरात एकच फोन आहे आणि तो पण बाबांसोबत दिवसभर सातपूरला कंपनीत असतो, तिथल्या मुलाला रात्री आईबाबांच्या मेलवरून लिहून पाठवता येतं, त्याचं स्वतःचं अकाउंट नसलं तरी अडत नाही. आपण ते ड्राफ्ट बघायचं, मुलाचं नाव टाकायचं, पब्लिश.

आता कापलेला मार्क. ब्लॉगरमध्ये लेखक पब्लिश दाबेल की पोस्ट लगेच बाहेर. "आधी मॅडमना दाखव मग छाप" अशी पायरीच नाही. वर्डप्रेस या ब्लॉगच्याच दुसऱ्या सेवेत कॉन्ट्रिब्युटर नावाचा एक दर्जा असतो, तो लिहू शकतो पण छापू शकत नाही, छापायचं काम वरच्याचं. शाळेसाठी ते जास्त बरं. पण वर्डप्रेस डॉट कॉमच्या फुकट प्लॅनमध्ये वाचणाऱ्यांना जाहिराती दिसतात, आणि मुलांच्या लिखाणाच्या मधोमध जाहिरात मला नको, त्यामुळे मी ब्लॉगरवरच राहिले. ब्लॉगरवर जाहिरात आपण लावली तरच येते. ज्यांची शाळा पैसे भरायला तयार आहे त्यांनी एज्युब्लॉग्ज बघावं, ते शाळा डोळ्यासमोर ठेवूनच २००५ मध्ये सुरू झालंय, आमच्या शाळेला मात्र खडू सोडून कशाला पैसे मागायचे म्हणजे आधी अर्ज.

आता कमेंट. सुरुवातीला सगळीकडे "छान", "खूप छान", "नाईस यार", आणि एक पोरगं प्रत्येक पोस्टखाली फक्त वाघाची इमोजी टाकायचं. त्यापेक्षा वाईट म्हणजे वर्गातल्या हिरोच्या पोस्टखाली ही रांग, आणि एखाद्या गप्प मुलाच्या पोस्टखाली शून्य. पालकांना भीती वाटते घाणेरड्या कमेंटची, ती मॉडरेशनमध्ये अडते हो, पण शून्य कमेंट कुठल्या सेटिंगने अडणार? ज्या मुलाने पहिल्यांदा धीर करून लिहिलंय त्याला कोणी काहीच बोललं नाही तर ते पुन्हा लिहीत नाही. म्हणून दोन नियम केले. प्रत्येक पोस्टला एक "पहिला वाचक" ठरलेला, हजेरी क्रमांकानुसार, मैत्रीनुसार नाही, त्याने वाचून कमेंट केल्याशिवाय त्याची स्वतःची पुढची पोस्ट घ्यायची नाही. आणि कमेंटमध्ये लिहिलेल्यातलं एक वाक्य उचलायचं आणि त्यावर प्रश्न विचारायचा किंवा आपल्याकडची माहिती जोडायची. हे फळ्यावर दोन-तीन नमुने लिहून करून दाखवावं लागतं, नुसतं सांगून मुलं "मला हे वाक्य खूप छान वाटले" यावर गाडी थांबवतात.

नियम रुळल्यावर जे झालं ते सांगायलाच पाहिजे. पावसाळ्यात एकाने गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर लिहिलं, नाशिककरांना सांगायला नको, गोदावरीचा पूर आपण मारुतीवरच मोजतो, कमरेला पाणी, छातीला पाणी, गळ्याला पाणी. पोस्ट साधीच होती. त्याच्या पहिल्या वाचकाने विचारलं की मारुती बुडाल्यावर मग कशावर मोजायचं. त्यावर घाटाजवळ राहणाऱ्या एकीने लिहिलं की तिचे आजोबा नारोशंकर मंदिराच्या घंटेवर मोजतात, घंटेला पाणी लागलं की खरा पूर, आणि आजोबा १९६९ चा पूर अजून सांगतात. तिसऱ्याने २०१९ चं लिहिलं, मारुती पूर्ण पाण्याखाली, सराफ बाजारात पाणी, काकाच्या दुकानातला माल रात्रीतून माळ्यावर चढवला ते. मग एक हुशार पोरगी म्हणाली हे सगळं गंगापूर धरणातून किती सोडतात त्यावर आहे, आणि पेपरात येणारा क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर असा हिशोब तिने मांडून दाखवला. आणि या सगळ्याच्या खाली, दोन दिवसांनी, वर्गात कधी एक शब्द न बोलणाऱ्या एका मुलाची ओळ आली: आमचे मामा पैठणला राहतात, तुमच्याकडे पूर आला की तिकडे लोक खूश होतात, जायकवाडी भरतं.

ही ओळ मी दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिली आणि तास त्यातच गेला. नदी एक आणि तिच्याकडे बघायच्या बाजू दोन, हे मी स्वतः शिकवायला गेले असते तर अर्धा वर्ग झोपला असता. घंटेवरून इतिहासाचं पण निघालं, मंदिर १७४७ चं, आणि घंटा १७३९ च्या वसईच्या विजयाची आठवण म्हणून लावली असं सांगतात, तर मुलांनी वसई जिंकणाऱ्या चिमाजी आप्पांपर्यंत स्वतःहून मजल मारली, आणि चिमाजी आप्पा पेपरात येणार का असं एकानेही विचारलं नाही!

दुसरं उदाहरण द्राक्षवाल्या मुलीचं. वर्गात हिच्या इंग्रजी उच्चारांना हसतात म्हणून ही गप्प. तिने गोडी छाटणीपासून, म्हणजे फळासाठीच्या छाटणीपासून, माल निघेपर्यंत लिहिलं, विरळणी कशी करतात, डिपिंगला एकेक घड जीएच्या पाण्यात कसा बुडवतात, भुरी आणि डावणी या रोगांचा मारा रात्री वडिलांना कसा जागवतो. सोसायटीतल्या मुलांचे प्रश्नच प्रश्न. जीए म्हणजे काय? खाल्लं तर चालतं का? घड मोजता का? तिने एकेकाला उत्तरं दिली, जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड, वनस्पतीत असतंच, मणी फुगायला वरून देतात. विज्ञानाच्या सरांनी वनस्पतींच्या संप्रेरकांचा धडा घेताना तिलाच उभं केलं. रंगपंचमीच्या वेळी रहाडींवरून, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या जुन्या हौदांवरून, पण धमाल झाली, शनि चौकातली मोठी की तिवंध्याची, त्यात मात्र माहिती कमी आणि भांडण जास्त, मॉडरेशनचं बटण त्या आठवड्यात भरपूर वापरलं.

कॉपीचा प्रश्न येणारच. "पावसाळ्यातला एक दिवस" असा विषय दिलात तर एआयने लिहिलेलं गुळगुळीत काहीतरी येतं, "निसर्गाने हिरवा शालू पांघरला" छापाचं. विषयच असा द्या की त्याचं उत्तर फक्त घरी किंवा गल्लीत मिळेल. आईच्या मसाल्यात काय काय पडतं, तुमच्या चौकाचं नाव कसं पडलं, आजी लग्नाआधी कुठे राहायची. मराठी टायपिंगचं टेन्शन घेऊ नका, जीबोर्डवर मराठी बोलून टाईप होतं, रोमन अक्षरांत लिहून देवनागरी पण होतं. बोलून टाईप केलेलं आधी भयंकर असतं, विरामचिन्हं नसतातच, पण तेच मोठ्याने वाचून सुधारायला लावलं की पूर्णविराम कशाला असतो हे पहिल्यांदा कळतं. शुद्धलेखन मी ब्लॉगवर कधीच काढत नाही, सगळ्यांसमोर चूक दाखवली की पोरगं पुढच्या वेळी तीन ओळींत आटपतं. ते वहीत.

पालकांची परवानगी लेखी घ्या, यात हयगय नको. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल डेटा कायद्यात १८ च्या आतलं प्रत्येक मूल लहानच धरलंय आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. गूगलचं अकाउंट मुलाने स्वतः चालवायचं तर भारतात १३ पूर्ण लागतात, म्हणजे नववीला चालतं, पाचवी-सहावीला शिक्षकानेच सगळं टाकावं. आडनाव नाही, चेहऱ्याचा फोटो नाही, शाळेचा पत्ता नाही. प्रोफाईलला मुलांचे सेल्फी लागलेले असतात ते पण आधीच बदलून घ्या. आमचा ब्लॉग वर्षभर बंद दारामागे असतो, फक्त २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला, मुलांनी स्वतः निवडलेल्या थोड्या पोस्ट वेगळ्या खुल्या ब्लॉगवर टाकतो, त्याची लिंक आजी-आजोबांपर्यंत जाते. कुसुमाग्रजांच्या गावात तेवढं तर व्हायलाच पाहिजे.

वेळ जातो का, तर हो, जातो. मॉडरेशन रात्री जेवणानंतर, ड्राफ्ट रविवारी, आणि याचे वेगळे पैसे कोणी देत नाही. ज्यांच्याकडे सगळ्या तुकड्या आहेत त्यांनी एकच तुकडी घ्यावी. दहावीच्या वर्गाला सुरू करू नका, ऑक्टोबरपासून पालकांचे फोन येतील की अभ्यास सोडून हे काय. नववीला जूनमध्ये सुरू केलं तर दिवाळीपर्यंत रुळतं. लेबल मात्र पहिल्या दिवसापासून लावा, पूर, शेती, सण, आजी-आजोबा असं काहीही, नाहीतर नंतर सगळं एका ढिगात सापडतं. आणि एप्रिलमध्ये सेटिंगमधून बॅकअप डाऊनलोड करून शाळेच्या पेनड्राईव्हवर ठेवा, पोस्ट आणि कमेंट दोन्ही त्यात असतात.